युद्ध, शिल्प आणि पडदा : एका इतिहासाची तीन वळणे

१

मी औरंगाबादला शिकत होतो तेव्हाची गोष्ट आहे. साल १९८१. गावातल्या एका फिल्म सोसायटीने एक जुना अमेरिकन मूकपट आणला होता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा, १९१५ सालचा 'द बर्थ ऑफ अ नेशन', म्हणजे 'एका राष्ट्राचा जन्म'. सोसायटीची वर्गणी भरण्याची माझी ऐपत नव्हती. वसतिगृहातल्या एका मित्राच्या पासावर मी आत शिरलो. खेळापूर्वी एका प्राध्यापकांनी परिचय करून दिला. ते म्हणाले, "या चित्रपटाने सिनेमाला त्याची भाषा दिली. आशयाशी आपले मतभेद असू शकतील. पण आशय घटकाभर बाजूला ठेवा आणि तंत्र पाहा."

मी त्यांचे ऐकले. सुमारे तीन तासांचा तो चित्रपट मी तंत्र म्हणून पाहू लागलो. शेवट जवळ आला. एका झोपडीत एक गोरे कुटुंब अडकले आहे आणि काळ्या सैनिकांनी त्या झोपडीला वेढा घातला आहे. दुसरीकडे एका गोऱ्या मुलीला एका मिश्रवर्णीय पुढाऱ्याने कोंडून ठेवले आहे. तिसरीकडे पांढरे झगे घातलेले, तोंडे झाकलेले घोडेस्वार धूळ उडवत येत आहेत. पडदा क्षणात झोपडीत, क्षणात त्या मुलीकडे, क्षणात घोड्यांच्या टापांवर. तुकडे आखूड होत जातात, वेग वाढत जातो. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो. स्वार पोहोचले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यात माझीही टाळी होती.

बाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन उभा राहिलो तेव्हा डोके ताळ्यावर आले. ते स्वार कु क्लक्स क्लॅनचे होते. काळ्या माणसांना जाळणारे, झाडाला टांगणारे. आणि मी कोण? महारवाड्यात जन्मलेला, वसतिगृहाच्या खोलीत 'पँथर'चे पोस्टर लावून झोपणारा. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. त्या ब्लॅक पँथरांच्या आज्यापणज्यांना चिरडायला निघालेल्या टोळीसाठी मी टाळी वाजवली होती.

त्या टाळीचा हिशेब मी अजून करतो आहे. हा लेख त्या हिशेबाचाच एक भाग आहे.

२

प्रथम युद्ध पाहू. कारण चित्रपट ज्या युद्धाविषयी आहे ते युद्ध मुळात कसे झाले हे ठाऊक नसेल, तर चोरी कशाची झाली हेच कळणार नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेच्या गुलामगिरी राखू पाहणाऱ्या राज्यांनी फुटून वेगळे राष्ट्र जाहीर केले आणि उत्तरेने ते मान्य केले नाही. आरंभी हे गोऱ्यांचे आपसातले युद्ध होते. काळ्यांना सैन्यात घ्यायला उत्तरेचे सरकारही तयार नव्हते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनच्या मुक्तिघोषणेने बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त ठरवले आणि काळ्यांसाठी सैन्याची दारे उघडली. हे या युद्धाचे खरे वळण होय. राज्य टिकवण्याचे युद्ध तेथून माणूसपणाचे युद्ध झाले, आणि ज्यांच्या माणूसपणाचा प्रश्न होता तेच त्यात बंदूक घेऊन उतरले.

युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक उत्तरेच्या भूदलात दाखल झाले. एकूण सैन्याचा हा सुमारे दहावा हिस्सा होता. त्यांपैकी सुमारे ४० हजार मेले. गोळीपेक्षा रोगराईने मेलेले त्यात पुष्कळ अधिक होते. म्हणजे सैन्यातही त्यांच्या वाट्याला आले ते कष्टाचे काम आणि अपुरी देखभाल.

त्यांच्यातली एक पलटण म्हणजे ५४ वी मॅसॅच्युसेट्स. अधिकारी सगळे गोरे, शिपाई सगळे काळे. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळालेला थोर वक्ता. त्याचे दोन मुलगे या पलटणीत भरती झाले. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी या पलटणीने दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर समुद्राकाठच्या वाळूतून हल्ला चढवला. सुमारे ६०० जण गेले. त्यांतले अडीचशेहून अधिक मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती सापडले. निशाण धरणारा पडला तेव्हा विल्यम कार्नी या शिपायाने ते उचलले आणि अंगावर गोळ्या झेलत परत आणले. हा कार्नी गुलाम म्हणून जन्मला होता. त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले १९०० साली, म्हणजे ३७ वर्षांनी. पलटणीचा तरुण गोरा कर्नल रॉबर्ट शॉ याच हल्ल्यात पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. त्यांच्या लेखी हा अपमान होता. शॉच्या वडिलांनी तो सन्मान मानला आणि मुलाचे प्रेत हलवू नये असे कळवले.

या शिपायांनी आणखी एक लढाई लढली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता. काळ्याला १० डॉलर, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे म्हणून कापले जात. ५४ व्या आणि तिच्या जोडीच्या ५५ व्या पलटणीने हा पगार घ्यायचे नाकारले. घरी बायकामुले उपाशी, पण शिपाई फुकट लढत राहिले. अखेर जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला. अर्ध्या माणसाचा पगार घेऊन पूर्ण माणूस म्हणून मरायला ते तयार नव्हते.

युद्ध संपले. घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ साली गुलामगिरी रद्द झाली, १८६८ साली नागरिकत्व आले, १८७० साली मतदानाचा हक्क आला. काळे लोक दक्षिणेच्या विधिमंडळांत निवडून गेले. आपल्या जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून, अर्पण केले. पुण्यात बसून जोतिबांनी त्या युद्धाचा अर्थ बरोबर ओळखला होता. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ साली, उत्तरेच्या सरकारने दक्षिणेतल्या काळ्यांना वाऱ्यावर सोडले. संरक्षणासाठी ठेवलेली फौज मागे घेतली. मिळालेले मत धाकदपटशाने आणि कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतले गेले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतले वेगळे डबे कायदेशीर ठरवले.

३

आता शिल्पाकडे येतो.

युद्धानंतर चौकाचौकांत पुतळे उभे राहिले. मुक्तीचे सर्वांत गाजलेले शिल्प १८७६ साली वॉशिंग्टनमध्ये उभारले गेले. त्यात लिंकन उभा आहे आणि त्याच्यापुढे एक उघडा काळा माणूस गुडघ्यावर आहे. गंमत अशी की त्याचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनीच दिला होता. शार्लट स्कॉट या बाईने आपले पाच डॉलर देऊन त्या वर्गणीला सुरुवात केली होती. पैसा काळ्यांचा, कल्पना गोऱ्या शिल्पकाराची. १ लाख ७९ हजार माणसे बंदूक घेऊन उभी राहिली, आणि ब्राँझमध्ये उतरला तो एक, गुडघ्यावर! याच शिल्पाची प्रत १८७९ साली बॉस्टनमध्ये बसवली गेली. ती तिथून हलायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला.

उद्धारकर्ता उभा आणि उद्धार होणारा खाली, हे चित्र आपल्याला नवे नाही. आपल्याकडच्या किती कथाकादंबऱ्यांत, किती चित्रपटांत अस्पृश्य असाच खाली बसलेला आहे! १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी आहे. ती सोशीक आहे, निष्पाप आहे आणि शेवटी दुसऱ्यांसाठी मरते. भूमिका करते देविका राणी, ठाकूर घराण्याच्या गोतावळ्यातली. हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. पण त्या चित्रात आपली बाई स्वतःच्या पायावर उभी राहून स्वतःसाठी जगताना दिसत नाही.

बॉस्टनमध्ये ३१ मे १८९७ रोजी दुसरे शिल्प उघडले गेले. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराने त्यावर तेरा-चौदा वर्षे घालवली होती. त्यात कर्नल शॉ घोड्यावर आहे आणि त्याच्याबरोबर ५४ वी पलटण चालली आहे. शिल्पकाराने काळ्या माणसांना कार्यशाळेत बोलावून त्यांची डोकी एकेक करून घडवली. म्हणून त्या उठावशिल्पात प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा आहे. एकाला दाढी आहे, एक पोरसवदा आहे, एक थकलेला आहे. कुणी गुडघ्यावर नाही. सगळे चालत आहेत. अमेरिकेच्या कलेतले हे वळण मी मोठे मानतो. उघडण्याच्या समारंभाला पलटणीचे म्हातारे शिपाई आले होते, आणि कार्नी निशाण घेऊन आला होता.

तरीही हिशेब पुरा झाला नाही. घोडा गोऱ्यालाच होता. आणि शिळेवर नावे कोरली ती मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. शिपायांना चेहरे मिळाले, नावे मिळाली नाहीत. ती नावे कोरली गेली १९८० च्या दशकाच्या आरंभी, ८० हून अधिक वर्षांनी.

येथे मला कोरेगावचा स्तंभ आठवल्याखेरीज राहत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने तो आपल्या विजयासाठी उभारला, आपल्या प्रेमापोटी नव्हे. पण पडलेल्यांची नावे तिने कोरली, आणि त्यात शेवटी 'नाक' असलेली महार शिपायांची नावे आहेत. पुढे त्याच इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली, आणि गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहीत बसावे लागले. रक्त घ्यायचे आणि दार लावायचे, ही रीत दोन्हीकडे एकच. परंतु दगडावर नावे होती. म्हणून १९२७ साली बाबासाहेब तेथे उभे राहू शकले आणि लोकांना सांगू शकले की हे तुमचे पूर्वज आहेत. नाव कोरलेले असले की कुणीतरी ते पुढे वाचते.

४

आता ग्रिफिथचा चित्रपट पाहू. शिल्प उघडल्यावर अठराच वर्षांनी तो आला.

ग्रिफिथचा बाप दक्षिणेच्या फौजेत अधिकारी होता. चित्रपटाला आधार टॉमस डिक्सन याच्या १९०५ सालच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीचा. तिचे म्हणणे असे की युद्धानंतर काळ्यांच्या हाती सत्ता आली, देश बुडू लागला आणि क्लॅनने तो वाचवला. चित्रपटात विधिमंडळाचा एक प्रसंग आहे. काळे आमदार सभागृहात दारू पितात, खातात, एक जण बूट काढून उघडे पाय बाकावर टाकतो. निवडून आलेल्या गुलामांची ही टिंगल. आपल्याकडे राखीव जागेवरून निवडून आलेल्या माणसाची खुर्चीत बसण्याची ढब पाहून जे हसतात, त्यांचे हसू मी ओळखतो. तेच हसू तेथे पडद्यावर आहे. काळ्यांच्या महत्त्वाच्या भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या आहेत. आणि ५४ वी पलटण? फोर्ट वॅग्नर? ते चित्रपटात नाही. काळा सैनिक आहे तो गोऱ्या बाईच्या मागे धावणारा, गोऱ्यांच्या दारावर धडका मारणारा. चित्रपटाच्या अखेरीस बंदूकधारी क्लॅनस्वार मतदानाच्या दिवशी काळ्यांच्या घरांपुढे उभे राहतात आणि काळे मुकाट आत परततात. हा सुखान्त आहे!

१८ फेब्रुवारी १९१५ रोजी हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. विल्सन हे इतिहासकार होते, डिक्सनचे जुने परिचित होते, आणि त्यांच्या पुस्तकातली वाक्ये चित्रपटाच्या पाट्यांवर होती. ३ मार्चला तो न्यूयॉर्कला लागला. लोक दोन दोन डॉलरचे तिकीट काढून गेले. त्या वेळी त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, भीमराव रामजी आंबेडकर नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी एम. ए. चा अभ्यास करत होता. महाडच्या सत्याग्रहाला अजून बारा वर्षे होती.

परिणाम लगेच दिसले. नोव्हेंबर १९१५ मध्ये विल्यम सिमन्स याने जॉर्जियातल्या स्टोन माउंटन या डोंगरावर क्रूस पेटवून मेलेली क्लॅन पुन्हा उभी केली. जुनी क्लॅन क्रूस जाळत नव्हती. ती कल्पना डिक्सनची. डिसेंबरात चित्रपट अटलांटाला लागला तेव्हा सिमन्सने त्याच्या जाहिरातीशेजारी आपल्या संघटनेची जाहिरात छापली. दहा वर्षांत क्लॅनचे लाखो सभासद झाले. अलीकडे एका अर्थशास्त्रज्ञाने गावोगावच्या खेळांच्या तारखा तपासून दाखवले आहे की, चित्रपट ज्या भागात पोहोचला तेथे काळ्यांवरचे झुंडीचे हल्ले वाढले. आशय घटकाभर बाजूला ठेवा म्हणणाऱ्या प्राध्यापकांना मला हे सांगायचे आहे. आपण खुर्चीवर बसून तो बाजूला ठेवू शकतो. ज्याच्या गळ्यात दोर पडतो त्याला तो बाजूला ठेवता येत नाही.

५

काळे लोक गप्प बसले नाहीत. १९०९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, एन. ए. ए. सी. पी. ने, गावोगाव विरोध केला. तिच्या मासिकाचे संपादक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी लेखणी उचलली. याच डू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले, आणि निग्रोंच्या व अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य पाहता त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यकच वाटतो, असा त्याचा आशय होता.

बॉस्टनची लढाई मात्र विसरता येत नाही. तेथे विल्यम मन्रो ट्रॉटर हा काळा संपादक पुढे झाला. याचे वडील जेम्स ट्रॉटर गुलाम जन्मले, ५५ व्या पलटणीत लढले, आणि अर्धा पगार नाकारणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत होते. मुलगा बापासारखाच. नोव्हेंबर १९१४ मध्ये सरकारी कचेऱ्यांतल्या भेदभावाविषयी त्याने विल्सनना तोंडावर सुनावले आणि विल्सननी त्याला बाहेरची वाट दाखवली. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच घरात हा चित्रपट दाखवला गेला. एप्रिल १९१५ मध्ये तो बॉस्टनच्या थिएटरात लागला तेव्हा ट्रॉटर लोकांना घेऊन तिकीट मागायला गेला आणि अटक झाला. दोन दिवसांनी हजारावर लोक विधानभवनापुढे जमले. त्या विधानभवनाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, ५४ व्या पलटणीचे ते शिल्प आहे. शिपायाचा मुलगा ब्राँझच्या शिपायांसमोर उभा राहून, तुमच्या पडद्यावर आमचे बाप खोटे आहेत, असे सांगत होता. खेळ बंद झाला नाही.

ओहायो, कॅन्ससमध्ये बंदी आली. बंदीने काय साधले याचाही विचार केला पाहिजे, कारण आपणही पुष्कळदा बंदी मागतो. त्याचे उत्तर ऑस्कर मिशो याच्या अनुभवात आहे. मिशो हा १८८४ साली जन्मलेला काळा शेतकरी-लेखक. स्वतःची पुस्तके दारोदार विकायचा. १९१९ साली त्याने पहिला चित्रपट केला. त्याच उन्हाळ्यात शिकागोत दंगल झाली, ३८ माणसे मेली. जानेवारी १९२० मध्ये त्याने शिकागोत आपला 'विदिन अवर गेट्स' आणला. सेन्सॉरने आधी तो नाकारला. दंगल होईल म्हणे! काट मारून मग परवानगी मिळाली. ज्या कात्रीने ग्रिफिथला कापावे असे काळ्यांना वाटत होते, ती कात्री चालली मिशोवर. कात्री मागणाऱ्याच्या हाती ती कधी येत नाही. ती प्रस्थापितांच्याच हाती राहते.

मिशोने काय केले पाहा. एकीकडे गोरी झुंड एका निरपराध काळ्या जोडप्याला फासावर चढवते आहे. दुसरीकडे एक गोरा माणूस त्यांच्या मानलेल्या मुलीवर अत्याचार करू पाहतो आहे, आणि तिच्या छातीवरच्या व्रणावरून त्याला उमगते की ही आपलीच मुलगी. पडदा आळीपाळीने इकडे आणि तिकडे. हे तंत्र ग्रिफिथचेच. पण झुंड आता वाचवायला येत नाही, मारायला येते. अब्रूला धोका कुणाच्या बाईला आणि कुणाकडून, हा खरा इतिहास मिशोने त्याच व्याकरणात मांडला. त्याच्याकडे ग्रिफिथचा पैसा नव्हता, फौज नव्हती, ते घोडे नव्हते. त्याने पुढे चाळीसच्या आसपास चित्रपट केले. त्यांतले बहुतेक नाहीसे झाले. हा चित्रपटही हरवला होता. त्याची एकच प्रत स्पेनमध्ये 'ला नेग्रा' या नावाखाली सापडली, आणि १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती दुरुस्त करून पुन्हा उभी केली. म्हणजे १९८१ साली मी टाळी वाजवली तेव्हा ग्रिफिथ औरंगाबादपर्यंत पोहोचला होता आणि मिशोचे उत्तर त्याच्या स्वतःच्या देशातही पाहायला मिळत नव्हते. कुठली कलाकृती अभिजात म्हणून टिकते आणि कुठली कुजते, हे गुणांवरच ठरत नाही. डबे कोण सांभाळतो यावरही ते ठरते.

६

मग त्या प्राध्यापकांचे म्हणणे चुकीचे होते काय? इतक्या वर्षांनी मला वाटते की अर्धे बरोबर होते. तंत्र पाहायलाच हवे. पण आशय बाजूला ठेवून नव्हे. तंत्र हाच तेथे आशय होता. त्या चढत्या वेगाने मला विचार करायला सवड ठेवली नाही, कुणाच्या बाजूने बसायचे हे माझ्यासाठी ठरवून टाकले, आणि मी, ज्याने उलट बाजूला असायला हवे, टाळी वाजवली. द्वेषाचे भाषण मी ओळखले असते. द्वेषाचे संकलन मला ओळखता आले नाही. 'शुद्ध कला' म्हणून जे आपल्याला दाखवले जाते, त्यापुढे दलित वाचकाने, दलित प्रेक्षकाने हा प्रश्न विचारला पाहिजे : ही कला मला कुठल्या बाजूला बसवते आहे?

आणि दुसरी गोष्ट. काळ्यांनी युद्ध जिंकले, पण त्या युद्धाचे चित्र दुसऱ्यांच्या हाती गेले आणि पन्नास वर्षांत विजयाचा पराभव झाला. आपल्याकडेही महाड झाले, नाशिक झाले, धर्मांतर झाले. त्याची चित्रे कुणाकडे आहेत? १९२७ च्या तळ्यावर उतरलेल्या हजारो माणसांची आपल्याकडे किती नावे आहेत? माझ्या आजोबांच्या पिढीतले म्हातारे सांगत असत ते आम्ही लिहून घेतले नाही, ते गेले.

२०१४ साली 'फॅन्ड्री' चित्रपटगृहांत आला तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याकडे येतो. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. नातू बराच वेळ गप्प होता. बाहेर आल्यावर त्याने विचारले, "आजोबा, दगड आपल्याला मारला का?" मी म्हणालो, "नाही रे. आपण मारला." पण सांगताना मला १९८१ ची ती टाळी आठवली, आणि माझे उत्तर पुरते खरे नाही हेही मला कळत होते.